गल्लीच्या तोंडापर्यंत

“घरात माणसं किती, चाचा?” दुकानदार युवराजनं विचारलं.

“मी एकटाच.”

“आन् खोल्या?”

“दोन.”

“मग हा छोटा राउटर बास की. तीन अँटेनावाला घेऊन काय करताय?”

“मोठाच दे. गल्लीच्या तोंडापर्यंत रेंज पोचली पायजे.”

“सगळी गल्ली फुकट वापरंल. निदान पासवर्ड तरी नवा टाकून देतो.”

बडेसाबनी त्याचा हात धरला. “नको. वायफायचं नाव जुनंच ऱ्हाऊ दे. पासवर्डबी जुनाच.”

युवराजनं खांदे उडवले आणि खोकं बांधायला घेतलं.

आधी कधी जोडलेला फोन रेंजमध्ये आला की घरच्या वायफायला आपोआप जोडला जायचा आणि बडेसाबचा मोबाइल वाजायचा. यास्मीन बापाशी भांडून घर सोडून गेली, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तो तसा एकदाच वाजला, गेल्या ईदच्या दुपारी. चष्मा लावून त्यांनी पाहिलं, तर जोडलेल्या फोनांच्या यादीत त्यांच्या नावाखाली लेकीचं नाव उमटलं होतं. काठी शोधून, भिंतीला धरत धरत ते दारापर्यंत गेले. कडी काढली, तेव्हा फाटकापाशी कुणी नव्हतं. यादीतही पुन्हा एकच नाव उरलं होतं.

जुन्या राउटरची रेंज जेमतेम फाटकापर्यंत होती. लेक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच कळलं असतं, तर या गुडघ्यांनीसुद्धा ते वेळेत दार उघडून उभे राहिले असते.