समोरचे पाय

रेडिओ स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि ढोलकीवाल्या गोरखचा हात हवेतच थिजला. निवेदिका कुंदाताई माइकपाशी काहीबाही बोलत राहिल्या. नव्या वादकांसाठी भांडून मिळवलेला त्यांचा हा थेट कार्यक्रम आज फसला तर बंद, असं केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं.

शेवटी माइक बंद करून त्यांनी धून लावली. "अरे, वाजव की रे बाबा!"

"ताई, तमाशात नाचणारीचे पाय बघून हात चालतो. इथं कुणाचे बघू?"

ताईंनी चपला काढल्या, पदर खोचला. "माझे बघ. आणि हसलास तर याद राख!"

माइक सुरू झाला. गालिच्यावर पन्नाशीतली पावलं पडू लागली, तशी ढोलकी कडाडली. काचेपलीकडून साहेब वेळ संपल्याचे हातवारे करत होते, ताईंचा गुडघा ठणकत होता. पण गोरखची नजर पावलांवरून हलेना, मग थांबायचं कुणी?