पापडांची राखण

अकोल्यात राहून सुंदराबाईंना उन्हाचीच कमतरता निघाली. डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिन डी फार कमी आहे. विसरणंही वाढलंय. रोज सकाळी उन्हात बसवा."

पण रिकामं बसायला त्या तयार नव्हत्या. मग सून रश्मी दुकानातून आणलेले तेच ते पापड रोज गच्चीवर वाळत घालून त्यांना राखणीला बसवू लागली. सासूचं विसरणं तिच्या पथ्यावरच पडलं.

आज ती मधेच वर आली. सुंदराबाई पापड मोडून कावळ्यांना घालत होत्या.

"आई, कावळे हाकलाले बसवलं ना तुमाले?"

"विकतचे हायेत. मले पयल्या दिवशीच समजलं."

"मंग रोज काहून बसता?"

"खाली माह्यासंग कोणी बोलत नाही. इथं कावळे तरी येतेत."