खर्जकाकांची जागा

"फोनला कशाला हवी एवढी ऐसपैस जागा? मी इथे अर्ध्या बुडावर बसलेय," चर्चमध्ये गायकवृंदाच्या बाकावर बसलेली मावशी शेजारणीच्या कानात पुटपुटली.

फोन बाकाच्या टोकाला स्टँडवर उभा होता. पडद्यावर खर्जकाका होते. ती त्यांचीच जागा. गायकवृंदातला सगळ्यांत खालचा सूर त्यांचा, म्हणून हे नाव. ते गायला लागले की बाकाची फळी थरथरते, असं पोरं म्हणायची. मग काकांचे पाय गेले. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सुरुवातीला गायकवृंदातले चौघे त्यांना खुर्चीसकट खाली आणायचे. पुढे एकाची कंबर धरली, एकाची ड्युटी बदलली. तेव्हा गायनमास्तरांना फोनची कल्पना सुचली. मंडळीने टाळ्या वाजवल्या. पाळकांनी प्रभूचे आभार मानले, फोनसाठीसुद्धा.

पहिल्या रविवारी पुष्कळांचे डोळे पाणावले. दुसऱ्या रविवारी अडचण लक्षात आली. काकांचा आवाज फोनवरून एक ओळ उशिरा यायचा. सगळे 'आमेन' म्हणून थांबले की काका एकटेच मागच्या ओळीवर गडगडत असायचे. पोरं खिदळली. मास्तरांनी फोनचा आवाज हळूच बंद केला. काकांना ते त्यांची लेक सांगेल, असं मास्तरांनी धरून चाललं. मास्तरांनी सांगितलं असेल, असं लेकीने. गाणं सुरळीत चालू लागलं. उपासना संपली की लोक जाता जाता फोनला हात करायचे. "काका, आज अगदी टवटवीत दिसताय हं!" उत्तरासाठी थांबायचं काही कारण नव्हतं.

आज पाळकांची प्रार्थना लांबली. मावशीने एक डोळा उघडला. ती तिची जुनी खोड. पडद्यावर काकांचे दोन्ही डोळे उघडे होते. मावशी मनात हसली. म्हातारा आपल्यातलाच निघाला. तेवढ्यात एक माशी काकांच्या गालावर बसली. गालावरून नाकावर गेली. तिथून थेट डोळ्यावर. पापणी लवली नाही.

मावशी किंचाळली.

लेक गायकवृंदातून उठून धावली. तिच्यामागे मास्तर. मावशीही गुडघे धरत निघाली. मंडळी घाबरू नये म्हणून पाळकांनी गाणं सुरू केलं.

घर गल्लीच्या टोकाला होतं. लेक जिना चढत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी निघताना तिने बाबांकडे धड बघितलंही नव्हतं. फोन तेवढा चार्ज केला होता.

तिसऱ्या मजल्यावर ती थबकली. वरून आवाज येत होता. खर्जातला. कठड्याला लावलेल्या हाताला तो जाणवत होता.

तिने दार उघडलं. टेबलावर पाण्याच्या जगला टेकवलेला फोन होता. त्यातून मंडळीचं गाणं ऐकू येत होतं. फोनसमोर खुर्ची होती आणि खुर्चीवर काकांचा फोटो. गायकवृंदाच्या वर्धापनदिनाचा, मोठा करून फ्रेममध्ये बसवलेला. माशी अजून काचेवरच होती. काका स्वयंपाकघरात चाकांच्या खुर्चीत बसून, मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होते आणि गात होते.

"बाबा! जीव गेला असता माझा!" लेक ओरडली. "हे काय मांडून ठेवलंय? आणि कधीपासून?"

"तूच बघ की. कित्येक रविवार झाले, मी त्याच शर्टात आहे. बरं, इस्त्रीही मोडली नाही."

"पण का, काका?" मास्तरांनी विचारलं.

"एकदा मी मुद्दाम भलतंच गाणं म्हटलं. वाढदिवसाचं. टाळ्या वाजवून. तुमच्यातल्या एकाचीही मान वळली नाही." काकांनी एक शेंग सोलली. "म्हटलं, बसायला फोटो पुरे. गायला इथे बरं. घुमतं छान."

मग लेक म्हणाली, त्या दिवशी नेट खराब असेल. मास्तर म्हणाले, हल्ली चांगले माइक मिळतात. लेक म्हणाली, पडदाच मोठा घेऊ, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. काका डॉक्टरांपुढे डोलवावी तशी मान डोलवत होते.

मावशी धापा टाकत दारात पोचली. तिने फोटो पाहिला, मग काकांना पाहिलं. तिने फोटो उचलून टेबलावर पालथा ठेवला आणि त्या खुर्चीवर बसली. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उचलायचे दांडे अजून बांधलेले होते. हाताला टोचू नयेत म्हणून मास्तरांनीच त्यांवर चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"आवाज उशिरा येतो, त्याच्यावरही काहीतरी निघालंय," मास्तर सांगत होते. "माझा भाचा बघेल. एकदा का ते जमलं, की मग..."

त्यांची नजर चिंध्यांवर गेली. वाक्य तिथेच राहिलं.

"फोनला काही झालेलं नाही, काका," ते म्हणाले. "तुम्हाला उचलायचा आम्हाला कंटाळा आला होता."