फौजदाराची फटफटी

गफूरने कार्बोरेटरचा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळल्याचा बारीक आवाज आला, तसा त्याने तो बाजूच्या डबड्यात फेकला.

"फुटलाय. पेट्रोलवर तरंगायचं सोडून पेट्रोल पिऊन बसलाय."

"मग त्योच घाल की," समोर उकिडवा बसलेला सोपान हळूच म्हणाला.

फटफटी लोणावळ्याच्या फौजदाराची होती. बेचाळीस साल होतं. सोपानचा धाकटा भाऊ बजरंग तारा तोडून तुंगार्लीच्या रानात दडला होता आणि त्याला धरायला सगळ्या नाक्यांवर पहारा बसला होता. बैलगाडीतलं गवतसुद्धा शिपाई काठीने ढोसून बघत. फौजदाराची फटफटी बंद आहे म्हणूनच आपला भाऊ अजून मोकळा आहे, असं सोपानचं मत होतं.

"गफूरभाई, बजरंग तुझ्याकडंच फटफटी चालवाया शिकला. तुझ्या घरी जेवला. त्याच्यासाठी येवढं कर. कार्बोरेटरमधी जरा हलका माल घाल. वलवणच्या चढाला गाडी बसली की बास."

"आन गफूरनं बांधलेला कार्बोरेटर चढाला बसला म्हून लोक मला हसू देत?"

"लोकांचं काय घिऊन बसलास? त्याला धरला तर जिता सोडायचे न्हाईत."

गफूरने दुसरा फ्लोट उचलला आणि कानाशी धरला.

फटफट्या दुरुस्त करणारे लोणावळ्यात आणखीही होते, पण घाट चढायचा असला की लोक गफूरकडेच येत, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. लढाईमुळे नवे भाग मिळत नव्हते. मग तो मोडीतले कार्बोरेटर आणून त्यांतून एकेक भाग निवडी. लग्नाआधी बायको बघतानासुद्धा याने इतकं निरखलं नव्हतं, असं चाँदबी, त्याची बायको, आल्यागेल्याला सांगे. पेट्रोल सोडणारा जेट तो उजेडाकडे धरी. कुणी तारेने त्याचं भोक कोरून मोठं केलेलं दिसलं, की जेट डबड्यात. पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं टोक तो नखावरून फिरवी. खाच लागली की सुई डबड्यात. त्या दिवशी डबडं भरत गेलं आणि सोपानचा धीर सुटत गेला.

शेवटी कार्बोरेटर बांधून झाला. गफूरने तो पोटच्या पोरासारखा फडक्यात धरला.

"झाला. आता ही मुंबईपतूर थांबायची न्हाई."

त्याच्या तोंडावरचा अभिमान बघून सोपानच्या अंगाचा तिळपापड झाला. तो उठला, भर बाजारात उभा राहिला आणि गफूर फितूर झाल्याचं ओरडून सांगून घरी गेला. बाजाराने ते चहाबरोबर चघळलं. फौजदाराच्या कानावर गेलं तेव्हा तो खूश झाला.

गफूरची एक रीत सगळ्या मावळाला ठाऊक होती. कार्बोरेटर बांधला की घाट उतरून खोपोलीला जायचं, न थांबता चढून परत यायचं आणि मगच गाडी मालकाच्या हातात द्यायची. त्याआधी साहेब असो की मेमसाहेब, तो कुणाला गाडीला हात लावू देत नसे. फौजदाराने नाक्यांवर तसा निरोपही धाडला होता, की सकाळी आपली फटफटी घाटाकडे जाईल, तिला अडवू नका.

सकाळी फौजदार दुकानाशी आला तेव्हा फटफटी रस्त्यावर चालू उभी होती. गफूरचा खाकी कोट, कातडी टोपी, डोळ्यांवर गॉगल, धुळीसाठी नाकावरून गुंडाळलेलं फडकं, अशा थाटात स्वारी बसली होती.

"शाब्बास, गफूर. माणसं काही म्हणोत, तू आपल्या कामाला जागलास," फौजदार म्हणाला.

स्वाराने कपाळाला हात लावला आणि गाडी सोडली.

पलीकडे उभ्या असलेल्या सोपानने तोंड फिरवलं, पण कान फिरवता येईनात. फटफटी एकदाही अडखळली नाही. खंडाळ्याच्या वळणापर्यंत तिचा एकसारखा आवाज येत राहिला. अशी गाडी बजरंगच्या मागे लागणार म्हणून सोपानला रडू आलं.

चाँदबीने फौजदाराला बाकड्यावर चहा आणून दिला आणि ती मधल्या दाराला पाठ लावून उभी राहिली. चहा संपला. ऊन बाकड्यावर आलं. फटफटी आली नाही. फौजदाराने दुसरा चहा मागवला, तोही संपला.

सोपान रस्ता ओलांडून जवळ आला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. गफूरने आपलं ऐकलं होतं. वरवर नाही म्हणाला आणि आतून हलका माल घातला. काल आपण याला भर बाजारात फितूर म्हणालो, या विचाराने त्याचं मन भरून आलं.

"आली का गाडी, साहेब?" त्याने विचारलं.

"कसली येते? घाटात बसली असेल," फौजदार खेकसला. "मोडीतला माल. भंगारवाल्याला तुम्ही लोक मिस्त्री म्हणता."

"व्हय साहेब, माल खोटाच," सोपान आनंदाने म्हणाला. "म्या डोळ्यांनी बघितलाय."

"मालाला नावं ठिवू नका, साहेब," चाँदबी घाईने म्हणाली.

"ठेवणार. सबंध जिल्ह्यात सांगणार, की गफूरला कार्बोरेटर बांधता येत नाही."

चाँदबीच्या पाठीमागचं दार हललं. तिने ते रेटून धरलं, पण आतल्या माणसाचा जोर जास्त होता. दार उघडलं आणि गफूर बाहेर आला.

"माल खरा हाय, साहेब," तो म्हणाला. "फटफटी कुटं बी बसली न्हाई. बजरंगला घिऊन ती आत्तापतूर पनवेलच्या पल्याड गेली आसंल."