शाल आणि श्रीफळ

केनवडच्या शेळीपालन मेळाव्याच्या मंचावर पाहुण्या प्राध्यापकांनी सिद्धान्त मांडला. अंगोरा शेळीचे वय वाढते तशी तिची लोकर, म्हणजे मोहेर, जाडीभरडी होत जाते. सर्वांत तलम लोकर पिल्लाच्या पहिल्या कातरणीची, तीही ऐन हिवाळ्यातली. सिद्धान्त निर्दोष होता. म्हणून उद्घाटनाला फितीऐवजी कातरायला गावातल्या पंचफुलाबाईंचे अंगोरा पिल्लू आणले गेले.

"होळीपर्यंत थांबा नं, साहेब. पौषातलं वारं आहे. आत्ता भादरलं तं मरून जाते हे."

"बाई, होळीपर्यंत तलमपणा जातो."

प्राध्यापकांनी कात्री चालवली. टाळ्या पडल्या. उघडे पडलेले पिल्लू थरथरत मांडवाच्या खांबाला टेकले आणि तिथेच बसले. इकडे संयोजकांनी प्राध्यापकांच्या खांद्यांवर मोहेरचीच शाल घातली, हातात श्रीफळ दिले.

पिल्लाला छातीशी धरून पंचफुलाबाई मंचावर चढल्या.

"साहेब, याचे पाय ताठ होऊन राह्यले. थे शाल द्या याले. घडीभर द्या, धुऊन वापस करतो."

प्राध्यापकांनी शाल गळ्याशी घट्ट ओढून घेतली. वारा खरोखरच बोचरा होता. मग सभेकडे पाहत, मोठ्या मनाने, त्यांनी पंचफुलाबाईंच्या हातात नारळ ठेवला.