खिळ्यावरची फळी

कप काही बसेना.

कारखान्याच्या संडासात एक पाय भिंतीला टेकवून ती पुन्हा एकदा प्रयत्न करत होती. नणंद औषधांच्या दुकानात कामाला. या कपांचं पाकीट तिनेच दिलं होतं. दाबून चपटा करायचा, आत मागच्या बाजूला सरकवायचा, संध्याकाळी काढून फेकून द्यायचा, एकदाच वापरायचा असतो हा. पॅड बदलायची कटकट नाही, बारा तास बघायला नको. सांगायला काय जातंय तिचं! इथे दाबला की बोटांतून सटकून उघडत होता मेला, आणि बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं.

ठोठावणार नाही तर काय करणार? शिलाईच्या अख्ख्या ओळीला एकच लाकडी फळी. खिळ्यावर असली तर उचलून संडासला जायचं, नसली तर कळ दाबून बसायचं. आत्ता फळी हिच्या काखेत होती. मागच्या महिन्यात मुकादमबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं की पाळी आली की फळी हिच्याच हातात दिसते. पुन्हा दिसली तर कॉलरवरून काढून धागे कापायला बसवीन. कॉलरवर हात बसायला तिची वर्षं गेली होती. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

बसला एकदाचा. तिला हायसं वाटलं.

बाहेर आली तर मुकादमबाई वाटच बघत होत्या. एवढा वेळ आत काय करत होतीस, म्हणाल्या. ती खुशीत होती, म्हणून नको ते बोलून गेली. पाळीसाठी कप निघालाय बाई, एकदा घातला की बारा तास उठायलाच नको.

"मग बरंच झालं की," बाई म्हणाल्या. "सगळ्याच घाला."

फळी खिळ्यावर गेलीच नाही. बाईंनी ती आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

ही येऊन मशीनवर बसली, तशा ओळीतल्या बायका हिच्याकडे बघायला लागल्या. शेजारच्या मशीनवरची पोटुशी तेवढी बघत नव्हती. मघाशी दार तिनेच ठोठावलं होतं. आता मांड्या आवळून, मान खाली घालून ती बाही जोडत होती.

हिला स्वतःचाच संताप आला. जिभेला काही हाड? ती ताडकन उठली, आणि उठताना तो कप आतल्या आत जागचा सरकल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. तशीच टेबलापाशी गेली.

"बाई, त्यात रक्त साठतं. लघवी नाही साठत."

बाईंनी नुसतं धागे कापायच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

तिने मान डोलावली. मग वाकून खण उघडला, फळी काढली आणि पोटुशीच्या पुढ्यात ठेवली.

"आधी तू जाऊन ये," ती म्हणाली. "पण लवकर ये. मागे माझाच नंबर आहे."