रेडिओचं बटण

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर स्पॅमचा सुळसुळाट झाला होता. नव्या अ‍ॅडमिनबाईंनी पदर खोचला. एक सभासद रोज सकाळी तीच ओळ टाकायचे: "रेडिओचं बटण हवंय. आहे का कुणाकडे?" खालची उत्तरं न वाचताच बाईंनी खडसावलं, "तेच तेच विचारून लोकांचं डोकं खाऊ नका!" आणि ब्लॉक केलं. आठवड्याने त्या सभासदांच्या मुलीचा निरोप आला. "बाबा मेकॅनिक होते. हल्ली सगळं विसरतात. बटण कधीच मिळालंय, तरी विचारतात. तुमची मंडळी रोज नव्याने 'पाठवतो, काका' म्हणायची. बाबांचा दिवस आनंदात जायचा." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्लॉक काढून लिहिलं, "त्यांना खुशाल विचारू द्या." उत्तर आलं: "आता नाही विचारत. बटण मुठीत धरून म्हणतात, 'नको, लोक चिडतात.' माझं नाव विसरलेत. तुमचं बोलणं तेवढं लक्षात आहे."